जेरुसलेमचा तंबू

पवित्र भूमीसाठी माणूस प्राण पणाला लावतो. ओहायोतल्या आमच्या डब्लिनमध्ये तो दर ऑक्टोबरला मध्ययुगीन जत्रेत लावतो. धर्मयुद्धाच्या खेळात शेजाऱ्यांनी मला मुस्लिम सरदार केलं होतं; रंग जुळत होता. अंगरखा मराठी मंडळाच्या पेटीतला, शिवकालीन नाटकातल्या खानाचा. निळा तंबू म्हणजे जेरुसलेम. सकाळच्या धुक्यातून लाल क्रूसवाले पांढरे झगे तरंगत, आवाज न करता जवळ येत होते. त्यांतला एक माझा डेंटिस्ट होता.

“बाबा, प्लीज, या वेळी सरेंडर करू नको,” मुलगी कुजबुजली. “आपण एव्हरी इयर हरतो.”

मी तंबूच्या दारात पाय रोवले. पहिली तलवार ढालीवर आदळली आणि शिट्टी वाजली. जेरुसलेम आमच्याकडेच राहिलं. दहापासून मैदान सॉकरसाठी बुक होतं.