हौदातला मांगूर

आमच्या गावाला पंचगंगेचं पाणी, तेही कोल्हापूरच्या खालच्या अंगाचं. आबा, म्हणजे माझे वडील, ग्रामपंचायतीचे पाणीवाले. नदीचं पाणी टाकीवर चढवायच्या आधी ज्या हौदात यायचं, त्यात आबांनी पाच-सहा बारके मासे सोडलेले. बायका नळावर येताना आधी हौदात डोकवायच्या. मासे फिरताहेत म्हणजे पाणी चांगलं. वर कुण्या साखर कारखान्यानं मळी सोडली की मासे उताणे तरंगायचे. मग आठवडाभर घरोघरी पाणी उकळायचं आणि शिव्या आबांना. "पाणी सोडतोस का इख?" जणू मळी आबांनीच परसात गाळलेली!

नव्वदचं दशक सरत आलं होतं. एका उन्हाळ्यात मासे तीनदा मेले. सरपंच म्हणाला, "आता परत मासं मेलं की तुमची सुट्टी."

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. मी रोज एसटीनं कोल्हापूरला जाऊन प्राणिशास्त्र शिकत होते आणि अंगात शहाणपण मावत नव्हतं. म्हटलं, "आबा, मांगूर सोडा की. त्यो तोंड वर काढून हवा घेतोय. गटारीतबी मरत न्हाय."

आबांचा चेहरा काय उजळला! वहिनीला सातवा महिना होता. भाकरी वाढता वाढता ती हसून म्हणाली, "शिकल्याचा उपेग झाला बघा." मी फुगले.

मांगूर आला. काळा, मिशाळ, दांडगा. पुढं पाण्याला वास यायला लागला. बायका कुरकुरल्या की आबा हौदाकडं बोट करायचे, "मासा बघा की, कसा पळतोय!" बायकांना पटायचं. उकळायचं बंद झालं, आमच्या घरातसुद्धा. मला वास येत होता. मी गप्प बसले. आबांची नोकरी होती ना!

मग कावीळ आली. गावातली बरीच माणसं पडली आणि उठली. वहिनी उठली नाही. पोटातलं पोरही गेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी दादाला झापलं, "पाणी उकळून पीत नव्हता काय?"

दादा म्हणाला, "न्हाय जी. मासा जित्ता हुता."

आबांची नोकरी राहिली. मासा मेला नव्हता, तर दोष कुणाला देणार? त्या मांगुराला कुणी हात लावला नाही, हातभर झाला तो.

तेराव्याला भांडी घासताना आईनं मला विचारलं, "तू एवढी शिकल्याली. पाणी घाण हाय, तुला कसं कळलं न्हाय गं?"

"न्हाय कळलं," मी म्हटलं.

घाण पाण्यात कोणता जीव आधी मरतो आणि कोणता शेवटपर्यंत टिकतो, हा प्रश्न त्याच वर्षी परीक्षेला आला होता. मी मांगूर लिहिला होता. पैकीच्या पैकी मिळाले.