धारूरला राहिलेला सूर

धारूरच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा कंडक्टरनं माझ्या युफोनियमकडं पाहून विचारलं, "हे काय हाय बे, घंगाळ?" माय हसली आणि हसता हसताच तोंडाला पदर लावून रडायला लागली. "टपावर टाकू नका, पोचे येतील बाजाला," एवढंच ती त्याला म्हणाली. माझ्याविषयी काहीच नाही. गाडी हलली तरी तिचे डोळे बाजावरच होते.

माझ्यासारखंच धारूर सोडून गेलेल्या तुम्हा गाववाल्यांना हे वाद्य आठवतंय की नाही, कुणास ठाऊक. वरातीत सगळे बघायचे ट्रम्पेटवाल्याकडं. युफोनियमवाला मागं, ढोलाच्या बाजूला, पितळेचं भलंमोठं वेटोळं पोटाशी धरून चालायचा. पण बशीरचाचांनी तो बाजा पहिल्यांदा हातात दिला आणि मी फुंकला, तेव्हा त्याचा आवाज मला कानाआधी बरगड्यांत लागला. त्यानंतर दुसरं वाद्य कधी हातात धरावंसं वाटलं नाही.

चाचांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि बँड पार्टीही त्यांचीच. ते म्हणायचे, "ट्रम्पेट लोकांसाठी हाय. हे आपल्यासाठी." दुपारी जेवण झालं की मी किल्ल्याकडच्या उतारावर एका सपाट दगडावर बसून रियाज करायचो. पाठवणीच्या चालीत एका जागी माझा दम हमखास तुटायचा आणि सूर घसरायचा. खाली अंगणात ज्वारी निवडत बसलेल्या मायला ते बरोबर कळायचं.

मग डीजे आले आणि आमच्या सुपाऱ्या आटल्या. कुणी पुण्याला गेलं, कुणी हैदराबादला. चाचांनी बाजा माझ्याच हवाली केला. म्हणाले, "घेऊन जा. हितं निस्ता पडून राहील."

आता मी पुण्यात एका शाळेत बँड शिकवतो. सोसायटीत वरच्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, पार्किंग आहे, तक्रारींसाठी व्हॉट्सॲप ग्रुप आहे. म्हणून घरी वाजवताना बाजाच्या तोंडात टॉवेल कोंबतो. बायको म्हणते, कुणीतरी उशीत तोंड खुपसून रडतंय असं वाटतं.

एकदा फोनवर माय म्हणाली, "काल लई चांगला वाजवलास."

"कुठं ऐकलंस तू?"

"कुठं म्हंजे? उतारावरून येतोय की आवाज. रोज येतोय."

वय झालं, एकटी असते, असं म्हणून मी ते सोडून दिलं. पण ती दर फोनला सांगायची, आज दमात होतास, आज मन नव्हतं तुझं. मला ताप भरला होता त्या आठवड्यात म्हणाली, "निस्ता खोकत बसला होतास वर. वाजवलं न्हाई." तापाचं मी तिला कळू दिलं नव्हतं. त्यानंतर मात्र मला राहवेना. तिला पुण्याला आणायचं ठरवून मी धारूरला गेलो. बाजा पुण्यातच ठेवला होता.

दुपारी आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. मी म्हणालो, "माय, तुला इथं एकटीला ठेवून मला झोप लागत नाही."

"एकटी कुठं? तू हायस की हितं."

तिच्या हातातलं सूप थांबलं. "लागला बघ."

आधी मला काहीच ऐकू आलं नाही. मग बरगड्यांत कळलं. मोकळा, भरदार आवाज वरून उतरत होता. फुंक माझी होती. पहिल्या सुराला जीभ जरा उशिरा लावायची खोडही माझीच. शेजारची शेळी रवंथ थांबवून उताराकडं बघत राहिली.

माय म्हणाली, "आता दम तुटंल."

तुटला. सूर घसरला, आणि नुसता बसलेलो असताना माझ्या छातीतली हवा संपली. मी धडपडत उठलो आणि उतार चढलो.

वर कुणी नव्हतं. उन्हानं सगळे दगड पोळत होते. माझ्या दगडावर, मी बसायचो तेवढी जागा फक्त गार होती.

खाली आलो तर माय म्हणाली, "कावून गेलतास वर? बंद पडलं ना. उगं उठवू नको त्याला."

"कुणाला, माय?"

ती माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. ओळख पटत नसलेल्या पाहुण्याकडं बघावं तशी. मग पदर सावरून म्हणाली, "तुमी च्या घेता का?"

जन्मात पहिल्यांदा तिनं मला 'तुमी' म्हटलं.

ती आली नाही. मी निघालो तेव्हा दारात उभी राहिली, रडली नाही. तिचं लेकरू कुठं जात नव्हतं, मग रडायचं कशाला? पुढच्याच उन्हाळ्यात ती गेली. तेराव्यापर्यंत मी रोज दुपारी अंगणात कान लावून बसलो, काहीच आलं नाही. मग घर तेलगावच्या एका गुरुजींना विकून टाकलं.

गेल्या महिन्यात गुरुजींच्या बायकोचा फोन आला. "भाऊ, एक इचारू का? दुपारी हितं वर कोण वाजवतंय? गल्लीत कुणालाच ठावं न्हाई."

"त्रास होतो का तुम्हाला?"

"तरास न्हाई. सासूबाई तर वाटच बघत बसत्यात. पण भ्याव वाटतंय."

मी म्हणालो, "वाजवू द्या. त्याचं घर हाय ते."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी 'माझं घर' म्हणालो नव्हतो.

तुम्ही सुट्टीत गावी जाता, फोटो टाकता, मला विचारता, कधी येणार? मला धारूरची आठवण येत नाही असं नाही. पण आता घर म्हणजे मला ती एकच जागा, जिथं मी आहे आणि जिथं जायला मला भीती वाटते. उतार चढून वर गेलो आणि या खेपेला तो उठून गेला नाही, तर मी कोण म्हणून सांगू त्याला?