धूर सरळ चढणारी जागा

नालोंगोच्या बरण्यांत बुरशी झाली ती माझ्या आपुलकीमुळे.

मावशीच्या मयतीला जाऊन मी आमच्या मुकोनो गावी परतलो होतो. आमच्याकडे मयतीहून आलेला माणूस ओळखीच्या दारावरून गुपचूप पुढे गेला, तर लोक त्याला भूत समजतात, नाहीतर गर्विष्ठ. मी दोन्ही नाही. म्हणून प्रयोगशाळेचं दार सताड उघडून आत शिरलो. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, घरच्यांचे घरचे कसे आहेत. मग नुसतेच हुंकार, एक तिचा, एक माझा, पुन्हा एक तिचा. शेवटी दोन मामा कबरीच्या खड्ड्याच्या काठावर कसे भांडले ते मी हातवारे करून दाखवलं. हातवाऱ्यांचं वारं आणि वर उघड्या दाराचं वारं! आठवडा उलटायच्या आत केळीच्या कोंबांच्या बरण्यांत पांढरा कापूस पिकला.

नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. तिचं नाव नाबुकालू. पण जुळी झाल्यापासून ते तिच्या सख्ख्या भावालाही आठवत नाही. आधी ती हमरस्त्यावर टोमॅटो विकायची. मग आमच्या रोपांच्या प्रयोगशाळेत बरण्या धुवायला आली, हात स्थिर निघाला, आणि तिच्या हाती सुरी आली. समोरून उघडी असलेली एक मोठी पेटी आहे. तिच्या पाठीतून गाळलेली स्वच्छ हवा येते. त्या हवेत कोंब कापायचे आणि बरणीत लावायचे. ती हवा म्हणजे निजलेल्या बाळाचा श्वास. शेजारून कुणी नुसतं तरातरा गेलं तरी मोडते. आणि ही पेटी आमच्याकडे थेट दाराशी होती, कारण आणणारे हमाल तिथपर्यंत येऊन दमले होते.

नालोंगोला मात्र तीच जागा प्यारी. दाराच्या काचेतून अंगण दिसे, अंगणापलीकडे रस्ता. येणारा-जाणारा काचेवर टकटक करी, आणि ही आतून भुवया उडवी.

प्रयोगशाळा चालवणाऱ्या चेयुने साहेबांनी बरण्या पाहिल्या, मग मला पाहिलं.

"नालोंगो, पेटी हलवावी लागेल. कुठे ते तुम्हीच ठरवा, बसायचं तुम्हाला आहे. पण पुन्हा बुरशी आली, तर हे काम बंद करावं लागेल."

साहेब मनाने चांगले. पिंजरा कुठे टांगायचा हे ते पाखरालाच विचारतात.

नालोंगोने केळीचं वाळलेलं सोपट पेटवलं, ज्योत विझवली, आणि बसल्यावर हात येतो तेवढ्या उंचीवर ते धरून धूर कुठे सरळ चढतो ते बघत फिरू लागली. काडेपेटी माझ्याकडे, प्रायश्चित्त म्हणून.

आधी खिडकी. "झकास जागा!" मी म्हणालो. "आंब्याचं झाड दिसतं."

"धूरही झाडच बघायला निघालाय," ती म्हणाली. तळ्याकडचा वारा त्याला ओढत होता.

फ्रीजजवळ मागच्या पंख्याने धूर थरथरला. मग समोरची भिंत. "कासुले, इथून चाल जरा." मी चाललो. धूर लवला.

"बघ, तुझ्यापुढे धूरसुद्धा वाकतो. नुसते गुडघे टेकायचे राहिलेत."

उरली मागची कोठी. बोळाच्या टोकाला, खिडकी नाही, तिच्यापुढे जायला वाटच नाही. नालोंगो बोळापर्यंत गेली आणि पुन्हा खिडकीशी आली. मधल्या वेळात वाऱ्याने विचार बदलला असेल, अशा आशेने तिने सोपट पुन्हा धरलं. बदलला नव्हता.

"तू बाहेर थांब," कोठीच्या दारात ती मला म्हणाली.

"काडेपेटी माझ्याकडे आहे."

"मग ये, आणि दार लाव."

दार लावलं. रिकाम्या पोत्यांचा वास, वर एक दिवा, चारी बाजूंना भिंती. भिंतीसुद्धा कशा, तर जवळजवळच्या.

"जुळी लहान होती ना, तेव्हा अशीच खोली होती," ती म्हणाली. "चोर येतात म्हणून घरमालकाने खिडकीला खिळे ठोकले होते. सोडताना मी म्हटलं, आता भिंतीकडे तोंड करीन ते मेल्यावर."

"मग सोडा हे काम."

"आणि काय करू? टोमॅटो विकू? अरे, आता गिऱ्हाइकाला टोमॅटो देण्याआधी मी तो स्पिरिटने पुसून देईन. हे हात दुसऱ्या कशाला राहिले नाहीत."

मी काडी ओढली. सोपट धुमसलं. धूर उठला आणि गवंड्याने उलटा ओळंबा सोडावा तसा छतापर्यंत सरळ गेला. नालोंगोने हात थोडा डावीकडे नेला. सरळ. उजवीकडे नेला. सरळ. असा आज्ञाधारक धूर मी जन्मात पाहिला नव्हता. मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

बाहेरून साहेबांची हाक आली, "नालोंगो, मिळाली का जागा?"

ती धुराकडे बघत राहिली. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला, तो तिने पुसला नाही.

मला राहवेना. मी तिच्या कानाशी वाकलो. "नालोंगो, हळूच एक फुंकर मारा. इथेही धूर वाकला असं मी साहेबांना सांगतो, पेटी दाराशीच राहील. इथे आपण दोघंच आहोत, कुणाला कळणार आहे?"

"बुरशीला."