टॉवर नंबर एकशे सत्तेचाळीस

"गावित, तू घाटात जातच नाहीस," वीज मंडळाचे साहेब म्हणाले. "घरी बसून रजिस्टर भरतोस. हा रिपोर्ट बघ. हेलिकॉप्टरला दिसलं ते तुला दिसलं नाही?"

रिपोर्ट मी केलेला होता. मी साहेबांसमोरच्या खुर्चीत बसून चहा पीत होतो. सोमा गावित, पेठच्या बाजूचे लाइनमन, टेबलाच्या कडेला उभे होते. रिटायरमेंटला पाच महिने राहिलेले. साहेब त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान असतील. चौकशीचा कागद टेबलावर तयार होता. ती लागली असती, तर सगळी नोकरी इमानाने करून माणूस कामचुकार म्हणून घरी गेला असता.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. हाय टेन्शन लाइनची पाहणी हेलिकॉप्टरमधून करण्याचं काम आमच्या छोट्या कंपनीला मिळालं होतं. ओझरच्या विमानतळावरून उडायचं, लाइनच्या कडेकडेने जायचं आणि व्हिडिओ काढायचा. गंमत व्हिडिओत नव्हती, त्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यांत होती. प्रत्येक चित्रावर जीपीएसने अक्षांश-रेखांश उमटायचे. ऑफिसात कॉम्प्युटर त्या आकड्यांवरून जवळचा टॉवर शोधायचा. मी नुसता दोष लिहायचो: अमुक नंबर, दोन डिस्क फुटल्या. डिस्क म्हणजे तारेला टॉवरपासून वेगळं ठेवणाऱ्या चिनी मातीच्या चकत्या. गुराख्यांच्या गोफणीचं ते आवडतं लक्ष्य.

माझ्या रिपोर्टात १४७ वर दोन डिस्क फुटलेल्या होत्या. गावितांच्या रजिस्टरमध्ये १४७ ठीक होता आणि फुटलेल्या डिस्क १४८ वर होत्या. घाटात अशी सात ठिकाणं जुळत नव्हती.

"मशीन खोटं बोलत नाही," साहेब मला म्हणाले. मी मान डोलावली. ती मान आठवली की आजही लाज वाटते.

गावितांनी वाद घातला नाही. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाले, "साहेब, ती फिलिम मला एकदा दावाल का?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते आमच्या कॉलेज रोडच्या ऑफिसात आले. चपला दाराबाहेर काढल्या. मी नको म्हटलं तरी. पडद्यासमोर गुडघ्यांवर हात ठेवून बसले. दहा मिनिटांनी म्हणाले, "थांबवा. हा एकशे अठ्ठेचाळीस."

"काका, आकडे १४७ चे आहेत."

"आसतील. पण बुडाशी मोहाचं झाड बघा. वीज पडून आर्धं जळालंय. त्याच्या सावलीला बसून मी भाकर खातो. एकशे सत्तेचाळीसला सावली नाय, नुसता कातळ हाय."

मी फ्लाइटच्या नोंदी काढल्या. सपाटीवर आम्ही टॉवरच्या अगदी बाजूने उडालो होतो. घाटात वारा फार, म्हणून पायलट लांब राहिला आणि कॅमेरावाल्याने झूम करून पुढचा टॉवर टिपला. कोपऱ्यातले आकडे टॉवरचे नसतात, हेलिकॉप्टरचे असतात. माझ्या घरात उभं राहून पलीकडच्या दुकानाचा फोटो काढला, तर पत्ता माझ्याच घराचा पडणार. हे मला शिकवलेलं होतं. घाईत मी ते विसरलो होतो. सातही ठिकाणी एकेक नंबर पुढे सरकवला, आणि गावितांचं रजिस्टर तंतोतंत जुळलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती, आणि चोर मी होतो. "काका, चूक माझी. माफ करा," मी म्हणालो.

"तुमचं काय चुकलं," ते म्हणाले. "वरून समदं सारखंच दिसत आसंल."

त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. मी सगळं कबूल केलं. साहेबांना ते पचलं नाही. "नंबर चुकले असतील. पण हा दर महिन्याला घाट चढतो कशावरून? रजिस्टर दुसऱ्याला विचारूनही भरता येतं." तरी त्यांनी व्हिडिओ लावायला सांगितलं. झूम करण्याआधीचा भाग, अख्खा डोंगर दिसणारा. दिवाळी होऊन गेली होती, गवत पिवळं पडलेलं. त्यात एक बारीक पांढरी रेघ होती.

साहेब पुढे झुकले. "लाइनखाली ही वाट कुणी पाडली? अतिक्रमण आहे का? कुठल्या पाड्यावर जाते?"

मीही पहिल्यांदाच नीट पाहिलं. वाट कुठल्याच पाड्यावर जात नव्हती. विहिरीवर नाही, शेतावर नाही. एका टॉवरच्या पायापासून निघून दुसऱ्याच्या पायाशी जात होती, तिथून तिसऱ्याच्या. जळक्या मोहाखाली जरा रुंद होत होती.

"माझीच हाय साहेब," गावित अपराध्यासारखे म्हणाले. "दुसरं कोण कशाला जाईल तिकडं."

वाट पडद्यावर सरकत होती, संपतच नव्हती. माझे डोळे भरून आले. साहेबांनी चष्मा काढून पुसला, मग उठून स्वतः खुर्ची ओढली.

"बसा, गावित," ते म्हणाले. "बसून बघा."

चौकशीचा कागद त्याच दिवशी फाटला. आठवड्याभरात १४८ च्या डिस्क बदलल्या. घाटातला सगळा रिपोर्ट मी पुन्हा केला, गावितांना शेजारी बसवून. मे महिन्यात ते रिटायर झाले, स्वच्छ कागदावर.

पुढे मशीनं सुधारली. कॅमेऱ्याचा कोन, टॉवरचं अंतर, सगळं आपोआप मोजलं जाऊ लागलं. मी मात्र रिपोर्टच्या शेवटच्या पानावर एक रकाना वाढवला: या लाइनवर चालणाऱ्याचं नाव. आधी त्याची सही, मग माझी.