पैसे देऊन करून घे

लहानपणी आमच्या घरात कुठल्याही कामासाठी दुसऱ्या माणसाला पैसे दिल्याचं मला आठवत नाही. द्यायला नव्हतेच. अण्णा, म्हणजे माझे वडील, बैलगाडीच्या चाकाला वंगण स्वतः घालायचे, चपलेला टाके स्वतः मारायचे, माझे केससुद्धा तेच कापायचे आणि एका बाजूनं जास्त कापायचे. आमचं गाव तिसगावच्या पलीकडे. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर टँकर. दिवाळी झाली की आई आणि अण्णा गाडीत संसार टाकून ऊसतोडीला निघायचे, ते उन्हाळा लागेपर्यंत. मी मागे, शाळेच्या हंगामी वसतिगृहात. ते परत यायचे तेव्हा पहिले काही दिवस मी त्यांच्याशी पाहुण्यांशी बोलावं तसं बोलायचे. आईला ते लागायचं.

उसाच्या फडात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. आई गेली त्या वर्षी तोडणीच्या टोळ्या जमवणारा मुकादम दारात उभा राहून अण्णांना म्हणाला, "आता अर्ध्या कोयत्याला कोन घेतं?" तो काही वाईट माणूस नव्हता. पण त्यानंतर अण्णा फडावर गेले नाहीत. घर, शेळ्या आणि ते, एवढंच राहिलं.

मी तोवर बी.एस्सी., बी.एड. करून श्रीगोंद्याला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी सांगते, कारण ते सांगण्यासारखं आहे. खोली भाड्याची, वर पत्रा नाही, स्लॅब आहे. लग्न झालं नाही; त्याबद्दल गावानं इतकं बोलून घेतलंय की मी वेगळं काही बोलायला नको. अण्णांना म्हटलं, इकडं या राहायला. ते म्हणाले, "शेळ्या काय तुझ्या शाळंत घालू?"

म्हणून मी रविवारी जायचे. एसटीनं नगर, नगरहून तिसगाव, तिथून मिळेल ते वाहन. घरी पोचेपर्यंत परतीची वेळ व्हायची. शाळेतले एक सर निवृत्त झाले तेव्हा त्यांची जुनी पेट्रोलची गाडी मी विकत घेतली, ती फक्त रविवारासाठी. आता सकाळची भाकरी मी अण्णांबरोबर खायला लागले. आम्ही फार बोलतो असं नाही. ते शेळ्यांना पाला टाकतात, मी भांडी घासते, मग दोघं ओट्यावर बसतो. पण माझ्या आठवड्यात माझ्याशी मॅडम न म्हणता बोलणारं एवढं एकच माणूस होतं.

दिवाळीनंतर एका रविवारी परत येताना करंजी घाट चढताना गाडी तापली. तापमानाच्या काट्यानं लाल रेघ गाठली आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. बाटलीतलं पाणी ओतलं, कडेला थांबले, कशीबशी आले. दुसऱ्या दिवशी गाडी साखर कारखान्याच्या रस्त्यावरच्या गॅरेजला नेली. मिस्त्रीनं वरून पाणी भरलं, पाइप आवळला, पैसे घेतले. पुढच्या रविवारी गाडी घाटात पुन्हा तापली. पुन्हा गॅरेज. या वेळी तो म्हणाला, "सोडून जा मॅडम. बघतो."

हंगाम चालू झाला होता. गॅरेजसमोर ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्या रांगेनं उभ्या. एक ट्रॅक्टर बंद पडला की अख्खी टोळी बसून राहते, हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत. त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं. शाळा सुटली की मी गॅरेजवर जायचे. "आज झाली का?" "उद्या बघा मॅडम." माझी गाडी भिंतीला लागून धूळ खात होती आणि बॉनेटवर कुणीतरी डबा खाऊन कांद्याची सालं ठेवली होती. असे रविवार जात राहिले. मी फोन करायचे, अण्णा म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, न्हाई आली तरी चालतंय." आणि मग, "मी आपली भाकर जास्तीची टाकली हुती. शेळीला घातली."

अशाच एका रविवारी मी खोलीतली फरशी पुसली, वह्या तपासल्या, दुपारी झोपले, उठले, आणि दिवसभरात फोन सोडला तर तोंडातून एक शब्द गेला नाही हे लक्षात आलं. सोमवारी गॅरेजवरून गाडी घेऊन आले. मिस्त्रीला वाटलं मी दुसरीकडे नेतेय. "न्या मॅडम, पन दुसरा बी तेच सांगंल," तो म्हणाला. मी म्हटलं, "दुसरा कुणी नाही."

गाडी मीच नीट करणार हे अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा चिडले. "पैशे दे आन करून घे की. कशाला शिकवलं तुला? हात काळे करायला?"

त्यांचं खरं दुःख मला कळत होतं. त्यांच्या डोक्यात शिकलेल्या माणसाचं एकच चित्र होतं: गाडी बंद पडली की मिस्त्रीला बोलवायचं, हाताची घडी घालून बाजूला उभं राहायचं, झालं की पैसे द्यायचे. जन्मभर त्यांना कुणाला असं उभं राहता आलं नाही. ते त्यांच्या वाटचं मी उभं राहावं असं त्यांना वाटत होतं. आणि मला वाटत होतं की शिक्षण पुस्तकात राहिलं तर ते कसलं शिक्षण. दोघंही आपापल्या जागी हट्टी. "बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

सरांनी गाडीबरोबर दिलेलं पुस्तक वाचलं. मोबाईलवर व्हिडिओ बघितले, बहुतेक हिंदीतले, त्यात सगळे पुरुष आणि सगळ्यांचे हात आधीपासून काळे. इंजिन गार ठेवणारं पाणी एका झडपेतून रेडिएटरमध्ये जातं. इंजिन तापलं की झडप उघडते, गार असेल तर मिटते. थर्मोस्टॅट म्हणतात तिला. उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात हे मी दरवर्षी नववीला फळ्यावर शिकवते. शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी घरमालकांच्या मोकळ्या जागेत पोतं टाकून बसले आणि झडप काढली. चहाच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून तिला आत सोडलं. पाणी खदखदायला लागलं, झडप मिटलेलीच. मी गॅससमोर उभी राहून बराच वेळ बघत राहिले. ती उघडली नाही. मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगायला कुणी नव्हतं. मी गॅस बंद केला.

नवी झडप आणायला नगरला गेले. पार्टच्या दुकानात काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मिस्त्रीला पाठवा ना मॅडम. चुकीचा पार्ट नेला तर परत घेत नाही."

"मिस्त्री मीच आहे," मी म्हटलं.

त्यानं वर बघितलं. "मग बरोबर असंल," म्हणाला आणि खोकं काढून दिलं. चेष्टा होती की काय, कळलं नाही.

यात एक चूक मी केली, आणि ती आमच्या भागातलंच माणूस करू शकतं. रेडिएटरचं जुनं पाणी बादलीत काढलं. गंजानं तांबडं झालेलं, पण बादलीभर. ते मोरीत ओतायला हात उठेना. टँकरच्या रांगेत हंडा धरून वाढलेल्या माणसाला पाणी फेकून देता येत नाही, मग ते कसलंही असो. मी ते जुन्या ओढणीतून गाळलं आणि परत गाडीत ओतलं. नवी झडप आणि जुना गाळ. दौंडच्या रस्त्यावर चक्कर मारायला गेले तर काटा पुन्हा वर. आणखी एक रविवार गेला. मग मन घट्ट करून सगळं पाणी ओतून दिलं, रेडिएटर धुतला, आणि पाण्याऐवजी दुकानातून हिरवं कूलंट आणून भरलं.

आता शेवटचं काम राहिलं. नवं कूलंट भरलं की आत हवा अडकते. इंजिन चालू ठेवून, रेडिएटरचं तोंड उघडं ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत वरून भरत राहायचं. पण त्याच वेळी आत मीटरच्या काट्यावर कुणाची तरी नजर हवी. काटा वर चढला तर ताबडतोब बंद. म्हणजे दोन माणसं हवीत. व्हिडिओतला माणूस सहज म्हणाला, घरातल्या कुणाला तरी सीटवर बसवा.

घरमालक लग्नाला गेले होते. मी फोनमधली नावं खाली-वर केली. मुख्याध्यापक, पालक, गॅसवाला, दूधवाला, पुन्हा पालक. शेवटी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी शेळी दिसली, मग अण्णांचं कपाळ.

"अण्णा, फोन असाच धरा. मी तुम्हाला एक काटा दाखवते. तो कुठं आहे ते मला मोठ्यानं सांगत राहायचं."

"हात बघू तुजे."

मी दाखवले. मला वाटलं, आता ते फोन ठेवणार. मी मोबाईल स्टेअरिंगमध्ये मीटरसमोर अडकवला, दार उघडं ठेवलं, गाडी चालू केली आणि पुढे बॉनेटकडे गेले.

बराच वेळ नुसता इंजिनचा आवाज. मग आतून फडातली हाळी असावी तसा आवाज आला. "खाली हाय!"

मी कूलंट ओतलं. बुडबुडे यायला लागले.

"वर सरकाया लागला! बंद कर!"

"लाल रेघेपाशी आहे का?"

"न्हाई. मधी हाय."

"मग राहू द्या. मधेच पाहिजे."

"मंग तसं आधी सांगाया नगं का? माजा जीव गेला हितं."

मी हसले. कूलंट ओतत राहिले. रेडिएटरचा पंखा एकदम सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. बुडबुडे कमी झाले, मग थांबले. आतून दर थोड्या वेळानं आवाज येत होता, "मधी हाय. मधीच हाय." आता काम झालं होतं, झाकण लावलं होतं, तरी मी गाडी बंद केली नाही. ते सांगत होते, मी ऐकत होते.

पुढच्या रविवारी घरी गेले. शेजारचे काका गाडीजवळ येऊन उभे राहिले. "झाली व्हय नीट?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "नगरच्या मोठ्या गॅरेजला दिली हुती. दोन-दोन मिस्तरी लावले तवा कुठं झाली."

काकांनी माझ्या नखांकडं बघितलं. मी हात पाठीमागे नेले नाहीत, पण अण्णांना खोटंही पाडलं नाही. आम्ही ओट्यावर बसून भाकरी खाल्ली. टायर पंक्चर झाला, बॅटरी बसली तर मी आजही मिस्त्रीकडे जाते आणि पैसे देते. पण दिले तर ते मला वेळ नाही म्हणून दिले, येत नाही म्हणून नाही. हे अण्णांना सांगितलं. "येकच की ते," म्हणाले.

ऊन उतरल्यावर निघाले. बाजूची सीट रिकामी, मागची रिकामी. करंजी घाट मी कुठेही न थांबता चढले आणि काटा मध्येच राहिला. ते इंजिन मी दुरुस्त केलं होतं.