वानवळ्याची पिशवी

अन्न हे माणसाला माणसाशी जोडणारे सनातन सूत्र आहे, असे मुंबईच्या एका आर्ट गॅलरीने पत्रकात छापले होते. भिवंडीला उतरेपर्यंत त्या सूत्रात माझे दोन बटाटेवडे गुंडाळलेले होते.

बाजार, दलाल, ॲप काही नको; गावची भाजी फक्त ओळखीच्या हातांतून शहरात पोचवायची, असा हा कलाप्रकल्प. पिशवीबरोबर जाऊन मी लिहायचे होते.

भिवंडीजवळच्या शेलार गावात मथुराबाईंची वालाची पट्टी एका गोदामाच्या भिंतीला टेकून उरली आहे. दुपारनंतर ऊन भिंतीपलीकडे जाते. वाल तेवढ्यावर भागवतो.

"पिशवी गॅलरीत जाईल," मी म्हणालो.

"तिथं कोन ऱ्हातं?"

"कुणी नाही."

"मग वानवळा देता कुनाला?" वानवळा (नव्या पिकातला वाटा) विकत नाहीत, आपल्या माणसाला पाठवतात. "भायखळ्याला माझी जुलेखा हाय. शेजारीन माझी. गुडघ्यांपायी पोराकडं गेली ती गेली. आधी तिला दे, दादा. आन् पिशवी परत आन. ती रिकामी न्हाय पाठवायची, तिला ठाव हाय."

"फोन नाही करत?"

"करते की. फोनातून शेंग जाते काय?"

भिवंडीतल्या कामतघर भागात यंत्रमागांच्या खडखडाटात बोलणे म्हणजे ओरडणे. तिथल्या लक्ष्मीबाई मथुराबाईंच्या रोजच्या गिऱ्हाईक; पिशवीचा पुढचा ओळखीचा हात त्यांचा. त्यांनी ओंजळभर शेंगा काढून घेतल्या आणि तिळाच्या चटणीची पुडी आत टाकली. या शेंगा प्रदर्शनाच्या आहेत, असे मी ओरडून सांगितले. त्याही ओरडल्या, "पिशवी दारात आली आनि तशीच गेली, असं कुठं असतं, दादा?"

त्यांचे यजमान श्रीनिवास राहनाळच्या गोदामातून टेम्पो भरून भायखळ्यालाच निघाले होते. मागे परदेशी सफरचंदे, पुढे माझ्या मांडीवर शेंगा. माणकोली नाक्यावर गाड्या हलेनात. श्रीनिवास म्हणाले, "साब, आपका शेंगा पैदल जाता तो पहुँच गया होता."

जुलेखाबींनी दार उघडले, पिशवी ओळखली आणि खालीच बसल्या. एक शेंग सोलून नाकाशी धरली.

"किडकी एक घातलीच बघ तिनं. ल्हानपनापासून हीच खोड. कशी हाय ती?"

"बऱ्या आहेत."

"खोटं. बरी असती तर आली असती."

शेंगा आणि चटणी काढून घेऊन त्यांनी पिशवीत डबाभर नारळाच्या वड्या ओतल्या. "सांग तिला, गूळ जास्त पडलाय. भांडायला ये म्हनावं."

संध्याकाळी गॅलरीच्या संचालिकाबाईंनी दारातच पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि आत गेल्या. भाषणात 'परस्परता' हा शब्द वारंवार आला. वड्या शेलारला जायच्या आहेत, हे सांगायला मी गर्दीतून पुढे पोचलो तेव्हा ताट फिरून झाले होते. पाहुण्यांनी वड्या वाखाणल्या. गूळ जास्त आहे, असे कुणीच म्हणाले नाही. पिशवी मागितली, तर ती आता कलाकृती झाली होती.

पुढच्या आठवड्यात मी शेलारला परत गेलो. भायखळा ते शेलार हे टेम्पोला सकाळभराचे अंतर. या दोघींना लांब ठेवायला ते वर्षानुवर्षे पुरले आहे.

किडक्या शेंगेचे ऐकून मथुराबाई पोट धरून हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "भांडायला ये म्हनली? खरंच?"

"खरंच."

"आन् पिशवी?"

मी झाले ते सांगितले. त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"बरं. बघते वाट. रिकामी तर न्हाय ना ठेवली त्यांनी?"

पिशवी काचेच्या पेटीत टांगली आहे. आत काही नाही. खाली पाटी आहे : हात लावू नये.