निंजाच्या तीन माया

जादूच्या तंबूत उमर काढली की किस्से झटकून जात नाहीत. पेटीच्या तळाला चमकी चिकटून राहते ना, तसे. हसायचे किस्से आधी सांगतो.

मालकाने सदरच्या टॉकीजला निंजाचा इंग्रजी पिक्चर पाहिला आणि आमच्या खेळाचं नावच बदललं, 'निंजा का मायाजाल'! उस्ताद शेषराव तेव्हा साठीकडे झुकलेले. काळा बुरखा चढवून म्हणाले, "निंजाले दमा रायते का गा?"

"बुरख्यात कोणाले दिसते!" मालक म्हणाला.

*

उस्ताद सांगत, "माया तीन जातीची. डोळ्याची, कानाची अन् मनाची."

डोळ्याची म्हणजे धूर. धुरात उस्ताद इकडे खाली बसायचे, तिकडे तसाच बुरखा घालून मी उभा. पब्लिकला वाटे, निंजा उडाला! एकदा मी घाईत चप्पल घालूनच आलो. मागून एक जण ओरडला, "अबे, उडता उडता चप्पल कुठून आणली!"

*

कानाची माया सोपी. पडद्यामागे पत्रा हलवला की निंजाचं वादळ आलं! सक्करदऱ्याच्या खेळाला पुढच्या रांगेतली एक बाई उठून पळालीच. "माह्या कुरड्या बाहेर वाळत हायेत वं!"

उस्ताद महिनाभर खूश होते.

*

मग उस्तादांची नजर गेली. बुरख्यामुळे पब्लिकला पत्ता नाही. त्यांची बायको सिंधूबाई पडद्याआड पितळी बांगड्या घालून उभी राहायची. बांगड्या वाजतील तिकडे उस्ताद वळायचे. हे मालकाला आणि मलाच ठाऊक.

"आंधळा निंजा कोण पाहीन गा?" उस्ताद म्हणायचे. "हा खेळ गेला का मी गेलो."

मी विचारलं, "अन् ती मनाची माया?"

"ते करा लागत नाही. माणूस सोताच करून घेते."

*

सिंधूबाई रामदासपेठेत दवाखान्यात होती. खेळ बंद होते. तिला दवाखान्यातून सुट्टी मिळणार म्हणून मालकाने एका संध्याकाळचा खेळ लावला, आणि त्याच दिवशी दुपारी ती गेल्याचा निरोप आला.

मालक मला म्हणाला, "तिकिटं गेली. उस्तादले खेळ झाल्यावर सांगू. तिले सुट्टी भेटली, ती आली, असं सांगतो मी त्याले."

तिच्या बांगड्या माझ्या हातात जाईनात. साबण लावून चढवल्या. त्या दिवशी उडणं रद्द, मी तिच्या जागेवर. बांगड्या वाजल्या की उस्ताद वळत. एकदाही चुकले नाहीत. टाळ्या थांबेनात!

खेळ संपला. उस्ताद आवाजावर सरळ माझ्याकडे आले. माझा हात धरला, एकेक बांगडी काढली आणि खिशात ठेवली.

मग हळूच म्हणाले, "पब्लिकले समजलं नाही ना गा?"